दुसऱ्या तारखेची नळी

९ जानेवारी

प्रिय बारके,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला घेतलं आणि खोडलं. पाच वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या बहिणीला तो शोभत नाही. फोन तू उचलत नाहीस, निरोप वाचत नाहीस. कागद निदान फाडण्यासाठी तरी हातात घ्यावा लागतो, म्हणून पत्र.

काम थोडकंच आहे. आमच्या प्रकल्पात जुने नमुने पुन्हा तपासायचं ठरलंय. घराण्यात चालत येणारा स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर कोणाच्या वाट्याला जाऊ शकतो आणि गेलाच तर किती लवकर हेरता येईल, हेच अजून आमचं चाललंय. फरक इतकाच की तेव्हा आम्ही एका हॉस्पिटलातले सातजण होतो, आता चार हॉस्पिटलं आणि एक नवी लॅब मिळून चाळीसजण आहोत. चाळीसजण म्हणजे चाळीस तोंडं, त्यामुळे आठवड्याच्या मीटिंगमध्ये चहा आधी संपतो आणि विषय नंतर सुरू होतो. मी अजून तिथेच, यादीवाली. कुटुंबांना फोन करायचे, त्यांच्या वंशावळी काढायच्या, संमतीपत्रांवर सह्या घ्यायच्या, आणि कुठला नंबर म्हणजे कोण बाई हे लिहिलेली एकुलती एक यादी कुलपात ठेवायची. बाकी सगळ्यांना फक्त नंबर दिसतात.

तर तू तुझ्याच गावातल्या कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये एकदा रक्त दे, आईला ज्यातल्या बदलामुळे कॅन्सर झाला त्या जीनची तपासणी करून घे आणि रिपोर्ट मला पाठव. सगळ्यांनाच विचारतोय. घाबरण्यासारखं काही नाही.

इथलं वातावरण मात्र गढूळ झालंय. मागच्या सोमवारी नव्या लॅबचे प्रमुख पडद्यावरून म्हणाले, “तुमच्या एका नंबराचं रक्त आणि कागद जुळत नाहीत. तुमच्याकडे कोणीतरी घोळ घातलाय.” आमच्या मोठ्या बाई, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, शांतपणे म्हणाल्या, “घोळ तुमच्याकडे नसेल कशावरून?” तेव्हापासून जो तो दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद वाकून बघतोय. माझा संशय बर्फ्यावर आहे. बर्फ्या म्हणजे आमचे फ्रीझर सांभाळणारा तंत्रज्ञ. उणे ऐंशीत वावरून त्याचा चेहराही तसाच झालाय. सोमवारच्या मीटिंगनंतर त्याने आपल्या कपाटाला नवं कुलूप लावलं. मी काही बोलले नाही, फक्त बघून ठेवलं.

तुझा याच्याशी काही संबंध नाही. सहज लिहिलं.

तुझी,
ताई


३० जानेवारी

बारके,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण पाठ झाल्यात. “सगळ्यांना विचारताय तर मावशीला कसं नाही विचारलंत? मी तिला फोन केला होता. ‘घाबरण्यासारखं काही नाही’ हे वाक्य तू याआधी एकदाच म्हणाली होतीस, माझा रिपोर्ट वाचायच्या आधी. माझ्याकडून आणखी काय काढून घ्यायचं राहिलंय?”

तू मावशीला फोन करशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक झाली. आता खरं सांगते.

न जुळणारा नंबर माझा आहे.

तुला माहीत आहे, ज्यांच्यात तो बदल सापडला नाही अशा नातेवाइकांचंही रक्त आम्ही दरवर्षी घेतो, तुलना करायला. मी नऊ वर्षं त्या निरोगी यादीत आहे. नव्या लॅबची पद्धत वेगळी, ते सगळंच नव्याने वाचतात. त्यांना माझ्या गेल्या वर्षीच्या रक्तात आईचा तो बदल सापडला. अगदी तोच, त्याच जागेवरचा. नंबर ऐकताच मी ओळखला, कारण आपल्या कुटुंबाच्या नंबराचे पहिले आकडे मला तोंडपाठ आहेत. यादी उघडायची तर दोघांच्या सह्या लागतात. मी दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, एकटीने उघडली.

मग तुझं काय? हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलंय. चौथ्यांदा राहू दे.

तुझ्या रिपोर्टवर ‘बदल आहे’ असं होतं आणि माझ्या रिपोर्टवर ‘नाही’. दोघींच्यात असू शकतो. असंही होतं, बऱ्याच घरांत होतं. घोळ फक्त माझ्या नमुन्यात असेल. म्हणूनच तुझं ताजं रक्त हवंय, बाकी कशाला नको.

मी स्वस्थ बसलेले नाही. नऊ वर्षांपूर्वी फ्रीझर बिघडला होता आणि सगळे ट्रे रात्रीत दुसरीकडे हलवले होते. तेव्हाही बर्फ्याच होता. काल तो नाश्त्याला गेला तेव्हा मी त्याचं जुनं रजिस्टर काढलं. प्रत्येक ट्रे कितीला हलवला, कोणत्या कप्प्यात ठेवला, सगळं वेळेसकट, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. इतकं नीट कोण लिहितं? ज्याला काहीतरी झाकायचंय तो. मी पानं उलटत होते आणि मागून आवाज आला.

“काही हरवलंय का, ताई?”

“नाही रे, जुनं एक बघतेय.”

“नऊ वर्षांपूर्वीचं?”

“तुला कसं कळलं?”

“पान दिसतंय की,” तो म्हणाला, आणि मी रजिस्टर मिटेपर्यंत तिथून हललाच नाही.

मोठ्या बाईंचंही काही खरं नाही. मला बोलावून म्हणाल्या, “चौकशी पुरी होईपर्यंत कोणाशी बोलू नका.” शोधनिबंध छापायला गेलाय, सहा वर्षांचं काम आहे. एक नंबर गुपचूप गाळला तर कोणाला कळणार?

रक्त दे. माझ्यावर विश्वास नसेल तर नसू दे, पण दे.

ताई


१६ फेब्रुवारी

बारके,

तुझं उत्तर नाही. तरी लिहिते, कारण आता एक गोष्ट कळलीय.

आपलं रक्त ज्यांनी काढलं त्या नर्सबाई आठवतात? उंच, जाड वेणीच्या. निवृत्त झाल्यात. रविवारी त्यांच्या घरी गेले. तिसरा मजला, जिना चढून. त्यांनी चहा केला, गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगितलं, मग म्हणाल्या, “तू उगाच नाही आलीस. बोल.”

मी विचारलं, “माझं आणि माझ्या बहिणीचं रक्त काढलं तो दिवस आठवतो?”

“न आठवायला काय झालं? ती घाबरट पोरगी. खुर्ची बदलून घेतली होती तिने.”

“खुर्ची?”

“अगं, तिच्या खुर्चीसमोर काचेचं कपाट होतं. त्यात सुई दिसत होती. म्हणाली, मी तिकडे बसते, ताईला इकडे बसवा. बसलात की दोघी उलटसुलट.”

“आणि ट्रे?”

“ट्रे होते तिथेच. लेबलं लावून नळ्या तूच आधी मांडून ठेवल्या होत्यास, एकेका खुर्चीशेजारी.”

म्हणजे तुझ्या नळ्यांत माझं रक्त गेलं आणि माझ्या नळ्यांत तुझं. बर्फ्याने काही केलं नाही, नव्या लॅबनेही नाही. ते रक्त फ्रीझरपर्यंत पोहोचायच्या आधीच सगळं होऊन गेलं होतं.

आता मी एक विचारते, आणि मला खरं उत्तर हवंय. खुर्ची बदलायचं तुला त्याच वेळी कसं सुचलं? सुई तर तू कुठेही बसलीस तरी दिसणारच होती. नळ्या मांडलेल्या तू पाहिल्या होत्यास. माझं नाव कुठल्या ट्रेवर आहे हे तुला वाचता येत होतं. लहानपणापासून निकालाची भीती तुला. वर्गात निकाल लागायचा त्या दिवशी तुझं पोट दुखायचं. आपलं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं तर बरं, असं क्षणभर तरी मनात आलं होतं का?

मी आरोप करत नाही, विचारते फक्त.

ताई


१८ फेब्रुवारी

बारके,

परवाचं पत्र फाड. पेटीत टाकल्यावर मी हात घालून पाहिला, मनगटाच्या पुढे जात नाही. मागे रांगेत उभी असलेली बाई म्हणाली, “गेलं ते गेलं हो.”

नर्सबाईंनी आणखीही सांगितलं होतं. ते मी परवा लिहिलं नाही.

सुई टोचायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, “नाव आणि जन्मतारीख विचारून घेऊ का?” तसा नियमच आहे, ज्याचं रक्त त्याच्याकडून नाव वदवून घ्यायचं आणि नळीवरच्या नावाशी ताडायचं. तू घाबरलेली होतीस, मला आटपायचं होतं. मी हसून म्हणाले, “अहो, माझी सख्खी बहीण आहे ती. मी ओळखत नाही का तिला?”

नर्सबाई म्हणाल्या, “मी ऐकायला नको होतं तुझं. पण नियम तूच शिकवायचीस आम्हाला.”

एवढ्यावरही निभावलं असतं. असल्या चुका होतात हे धरूनच दुसरा नियम होता. निकाल सांगायच्या आधी दुसऱ्या कुठल्यातरी दिवशी, दुसऱ्याने, दुसरं रक्त घ्यायचं. दोन्ही जुळले तरच कागद द्यायचा. आठवतं, तू विचारलं होतंस, “एकेकीच्या दोन-दोन नळ्या कशाला?” मी म्हणाले, एक जास्तीची. ती जास्तीची नव्हती. सकाळी तुझी गाडी होती, नवी नोकरी लागली होती, सुईच्या नावाने तुला घाम फुटायचा. तुला पुन्हा यायला लागू नये म्हणून मी एकाच वेळी दोन्ही भरून घेतल्या आणि दुसऱ्या नळीवर आठ दिवस पुढची तारीख घातली. माझ्याही. माझ्याच अक्षरात. चुकीच्या नळीला चुकीची नळी साक्षीला होती, जुळणारच.

तुझ्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आलेय. ते थोडं खरं आहे. पण मला घाईही होती. त्या महिन्यात शंभर कुटुंबं पुरी करायची होती आणि शंभरावं आपलं होतं.

आणखी एक आहे. तीन वर्षांपूर्वी नव्या मुलींना शिकवताना मी खुर्च्या, ट्रे, लेबलं हे सगळं फळ्यावर काढून दाखवत होते, आणि मध्येच तू खुर्ची बदललीस ते डोळ्यांसमोर आलं. मी पाणी प्यायले आणि पुढचा मुद्दा घेतला. तेव्हाच रक्त तपासून घेतलं असतं तर दहा दिवसांत कळलं असतं. घेतलं नाही. त्या दिवसापासून मी बर्फ्यावर, नर्सबाईंवर, सगळ्यांवर बारीक नजर ठेवू लागले, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

म्हणजे तुझ्यात तो बदल बहुतेक नाहीच, कधी नव्हताही. ‘हे पुढे ढकलायचं नाही’ म्हणून तुम्ही दोघांनी मूल नको ठरवलंत. चौतिसाव्या वर्षी तू अंडाशयं काढून टाकलीस. ती निरोगी होती. आणि मी लेकराला कडेवर घेऊन तुझ्या खाटेपाशी उभी राहिले आणि म्हणाले, “वाचलीस म्हण.” तू म्हणालीस, “मी नाही गं. तू.” त्यानंतर आपण बोललो नाही.

मोठ्या बाईंना उद्या सांगते. आज सांगणार होते, त्यांच्या दारापर्यंत गेले आणि संमतीपत्रांचे कोरे फॉर्म मागून परत आले.

ताई


६ एप्रिल

बारके,

सांगितलं. ‘उद्या’ म्हणता म्हणता चार दिवस गेले, पण सांगितलं.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. एकच प्रश्न विचारला, “आणखी कितीजणींचं असं केलंत?”

तो प्रश्न मला सुचला नव्हता बघ. मला वाटलं होतं, प्रश्न तुझ्या-माझ्यापुरता आहे.

“लांबून आलेल्या असायच्या,” मी म्हणाले. “दुसऱ्यांदा येणं जमायचं नाही.”

“किती?”

“तेवीस.”

त्यांनी निबंध त्याच दुपारी मागे घेतला. मी त्यांच्यावर घेतलेला संशय मला तिथेच गिळावा लागला. सोमवारी पडद्यावर चाळीस चेहरे असताना मी माझ्या तोंडाने सगळं पुन्हा सांगितलं. नव्या लॅबचे प्रमुख म्हणाले, “नऊ वर्षं तुम्ही स्वतः त्या यादीत होतात आणि तुम्हाला कधी शंका आली नाही?” मी म्हणाले, “आली होती.”

तेवीस जणींना फोन मीच केले. बाई शेजारी बसून ऐकत होत्या. एकीचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. ती म्हणाली, “बाई, आता नक्की काय धरायचं मी? मागे तुम्हीच म्हणाला होतात, शंभर टक्के खात्री आहे.” बाईंनी फोन घेतला. सगळ्यांचं रक्त पुन्हा, दोनदा, वेगवेगळ्या दिवशी घेतलं. परवा निकाल आले. तेवीसच्या तेवीस आधीसारखेच, एकही चूक नाही. सगळे हुश्श म्हणाले. मीही म्हणाले, आणि मग स्वच्छतागृहात जाऊन उभी राहिले.

बर्फ्याची माफी मागितली. तो म्हणाला, “तुम्ही रजिस्टर चाळत होतात तेव्हा मला वाटलं, हे माझ्या गळ्यात घालणार. त्याच दिवशी सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले.” कुलूपही त्यासाठीच होतं, मीटिंगमध्ये ‘घोळ’ हा शब्द आला तेव्हा सगळे त्याच्याकडेच बघत होते म्हणे. मीसुद्धा.

यादीची किल्ली माझ्याकडून काढून घेतलीय. पुढे काय करायचं ते समिती ठरवील. बाजूच्या खोलीत बसून मी जुनी संमतीपत्रं लावते.

आणि तुझा रिपोर्ट आला. तू रक्त दिलंस हेही मला माहीत नव्हतं. दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये दिलंस आणि दोन्ही रिपोर्ट बाईंच्या नावाने पाठवलेस, माझ्या नाही. बरोबर केलंस. त्यांनी दार लावून घेतलं आणि वाचून दाखवलं. “बदल आढळला नाही.” दुसऱ्यावरही तेच.

तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते. बदल माझ्यात आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी माझी सगळी तपासणी केली. एमआरआयमध्ये डाव्या स्तनात सात मिलिमीटरची गाठ दिसली. हाताला लागत नाही. डॉक्टर म्हणाले, “योग्य वेळी सापडली.” ज्या नव्या तपासणीने मला उघडं पाडलं तिनेच ती शोधायला लावली. अठ्ठावीस तारखेला ती काढतील, आणि त्याच वेळी तुझं झालं तेच ऑपरेशन.

लेक सहा वर्षांची आहे. मी सुरक्षित म्हणून तीही सुरक्षित, असं आजवर धरून चाललो होतो. आता तिच्यातही तो बदल असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तिच्या बाबांना हे सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ तिच्या शाळेच्या बुटांना पॉलिश करत बसले.

तुझ्याकडे काही मागायला लिहीत नाही. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढंच.

ताई


१७ एप्रिल

ताई,

तुझी सगळी पत्रं वाचली. सोळा फेब्रुवारीचंही. फाड म्हणालीस, पण ते ठेवलंय. खुर्ची मी सुईच्या भीतीने बदलली. यापुढे हे मला पुन्हा विचारू नकोस.

माफ केलं, असं या पत्रात कुठेही सापडणार नाही, ओळींच्या मधेही शोधू नकोस. रिपोर्ट आला त्या दिवशी हे स्वयंपाकघरात नळ सोडून उभे होते, रडताना आवाज येऊ नये म्हणून. मी बाहेरून ऐकत होते. तुला काय बोलू?

पण तुझं ऑपरेशन होणार आहे आणि डॉक्टर तुला पुस्तकातलं सांगतील. मला जे कोणी सांगितलं नव्हतं ते लिहिते.

घरी जाताना गाडीत पोटावर उशी धर आणि पट्टा तिच्यावरून लाव. खोकला येतोय असं वाटलं की आधी उशी दाबायची, मग खोकायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगातून वाफा निघतील, तुला ताप आला असं वाटेल, पण तो ताप नसतो. चादर सुतीच वापर आणि एक जास्तीची हाताशी ठेव. पाचव्या-सहाव्या आठवड्यात भांडं पडलं तरी रडू येईल. त्या दिवसांत कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, नोकरीचा तर नाहीच. हाडांची तपासणी लगेच करून घे. मला दोन वर्षांनी सांगितलं, तोवर मनगट मोडलं होतं. आणि कोणी “आता सुटलीस” म्हणालं तर त्याला बाहेर काढ.

लेकीचं रक्त आत्ता कोणाला काढू देऊ नकोस, घाबरून तर मुळीच नको. ती मोठी होईल, स्वतः विचारेल, तेव्हा बघू. आणि विचारेल तेव्हा तू सांगायचं नाहीस. तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास नाही. मी सांगेन.

त्यासाठी आधी तिने मला ओळखायला हवं. सुट्टी लागली की तिच्या बाबांना सांग, तिला इकडे आणून सोडा. ऑपरेशननंतर सहा आठवडे तुला तिला उचलता येणार नाही. मला येतं.

बारकी